वहिनींचा पीएफ, जो पीएफ नव्हताच

ऑगस्ट २०२५ मधली गोष्ट, गणपतीच्या आधी पंधरा-वीस दिवस. आमच्या धनकवडीच्या बिल्डिंगमधे खालच्या मजल्यावरच्या वहिनी रात्री नऊच्या सुमारास वर आल्या, हातात मोबाईल आणि एक प्लॅस्टिकची फाईल. म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांच्या पीएफचं पासबुक मागे काढून दिलं होतंत ना, तसं माझं पण काढा, बघू किती जमलेत." सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, त्यांचे मिस्टर पीएफमधून ॲडव्हान्स काढायला निघाले होते आणि वहिनींचं म्हणणं असं की तुमचा कशाला मोडता, माझा काढू आधी.

मी म्हणलं यूएएन नंबर सांगा, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर. तो काय असतो, म्हणाल्या. तिथेच माझ्या पोटात गोळा आला, कारण मी बारा वर्षं एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात काढलीयत आणि हा प्रश्न कुठे जातो ते मला माहिती आहे.

फाईल उघडली. वहिनी सहकारनगरकडच्या एका कोचिंग क्लासमधे आठवी ते दहावीला गणित शिकवतात, जून २०२२ पासून. क्लासचं नाव लिहीत नाही, तीन शाखा आहेत, सगळे मिळून पंचवीसेक माणसं. दर महिन्याला एक छोटी पावती मिळते. तिच्यावर असं: एकूण १८,०००, वजा १,८००, हातात १६,२००. त्या 'वजा'च्या पुढे बारीक अक्षरात टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला इन्कम टॅक्स, असं छापलेलं. आता गंमत बघा, मिस्टर भोसरीला कंपनीत आहेत आणि त्यांच्या सॅलरी स्लिपवर पीएफच्या रकान्यात आकडा किती, तर १,८००! पीएफची सक्तीची मर्यादा १५,००० रुपये पगाराची, त्याचे १२ टक्के म्हणजे १,८००, म्हणून निम्म्या पुण्याच्या स्लिपवर तोच आकडा दिसतो. वहिनींचे १,८०० हे १८,००० चे १० टक्के. दोन वेगळे कायदे, दोन वेगळे हिशोब, आणि उत्तर एकच. घरात शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन कागदांवर एकच आकडा असला तर कुणालाही वाटणारच की तुझा पण पीएफ, माझा पण पीएफ.

आणि असं नाही की त्यांनी विचारलं नव्हतं. पहिल्याच वर्षी क्लासच्या अकाउंटवाल्याला विचारलं, हे पैसे कुठे जातात. तो म्हणाला, "मॅडम, ते सरकारकडे तुमच्या नावाने जमा होतात." शब्दाशब्दाने खरं उत्तर! पण पीएफबद्दल विचारलं असतं तरी त्याने हेच वाक्य बोललं असतं. तेव्हा पगार १५,००० होता आणि १,५०० कापले जायचे, मग २०२३ च्या जूनला १६,५०० झाला तेव्हा १,६५० कापायला लागले, मग २०२४ च्या जूनला १८,०००. पगार वाढला तसा पीएफ वाढला, सगळं कसं जुळतंय. गणिताच्या बाई आहेत, घरी डायरीत हिशोब मांडलेला, माझे इतके, क्लासचे तितकेच, वर व्याज, सव्वा लाखाच्या वर असतील असा अंदाज.

मी त्यांना सांगितलं की वहिनी, हा पीएफ नाही, हा इन्कम टॅक्सचा ॲडव्हान्स आहे, जो टॅक्स तुम्हाला लागतच नाही. यात क्लासचा एक रुपया नाही, व्याज नाही, पेन्शन नाही. त्या पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे जमलेले शून्य?"

शून्य नाही. पण सव्वा लाख पण नाही.

आता प्रकरण नीट सांगतो. क्लास त्यांना पगार देतच नाही, 'प्रोफेशनल फी' देतो. कागदोपत्री वहिनी कन्सल्टंट आहेत, म्हणजे स्वतःचा व्यवसाय करणारी बाई, जशी एखादी सीए किंवा आर्किटेक्ट असते. तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम १९४जे खाली अशी फी देताना १० टक्के कापून सरकारला भरावे लागतात, एका वर्षात एका माणसाला ३०,००० च्या वर फी गेली की, आणि एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा ५०,००० झालीय. वहिनींना दोन्हीचा उपयोग नाही, कारण ५०,००० त्या तीन महिन्यात ओलांडतात. आणि पगार नाही म्हणून पीएफ नाही, ईएसआय (कामगारांचा आजारपणाचा विमा) नाही, ग्रॅच्युइटी नाही, मे महिन्याचे पैसे पण नाहीत. पण वेळ संध्याकाळी ४ ते ८:३० ठरलेली, आल्यावर अंगठा लावायचा, दांडी मारली तर पैसे कट, दुसऱ्या क्लासला शिकवायचं नाही. हे कसले कन्सल्टंट हो! २० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पीएफ लागतो आणि माणूस नोकर आहे का नाही हे पावतीवर काय छापलंय त्यावर ठरत नाही, काम कसं करून घेतात त्यावर ठरतं. वहिनी लागल्या तेव्हा १५,००० लाच लागल्या होत्या, म्हणजे मर्यादेतच होत्या. पीएफ ऑफिसला तक्रार करता आली असती, मी तसं सांगितलंही. वहिनींनी हात जोडले, "भाऊजी, दहावीची बॅच हातात आहे, आणि मला घराजवळ दुसरं काम कोण देणार." यावर मी काय बोलणार. मला स्वतःला पटलं नाही पण घर त्यांचं आहे, निर्णय त्यांचा.

तर नोकरीची बाजू बंद. उरलं काय, कापलेले पैसे परत आणणं आणि म्हातारपणाची काहीतरी सोय.

२६एएस काढला. ज्यांनी कधी बघितला नाही त्यांच्यासाठी, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर पॅनने लॉगिन केलं की तुमच्या नावावर कुणी किती टीडीएस भरला ते तिथे दिसतं. नशिबाने क्लासने भरला होता, सगळ्या तिमाह्या दिसत होत्या. २०२२-२३ ला १५,०००. २०२३-२४ ला १८,०००. २०२४-२५ ला १९,६५०. एकूण ५२,६५०. वहिनी स्क्रीनकडे बघत होत्या आणि मी मनात म्हणत होतो की यातले शेवटचे सोडले तर बाकीचे कसे काढायचे.

कारण टीडीएस आपोआप परत येत नाही, रिटर्न भरून मागावा लागतो, आणि मागायची मुदत असते. २०२३-२४ चं रिटर्न उशिरा भरायची शेवटची तारीख वाढवून १५ जानेवारी २०२५ केली होती, ती पण सात महिन्यांपूर्वी गेली. त्याच्या आधीचं तर विचारूच नका. लोक म्हणतात मग अपडेटेड रिटर्न भरा की, आयटीआर-यू. ते फक्त सरकारला जास्तीचा टॅक्स द्यायला चालतं, सरकारकडून रिफंड मागायला नाही. आणि एक बारीक गोष्ट, उत्पन्न करपात्र नसलं तरी वर्षाचा टीडीएस २५,००० किंवा जास्त असेल तर रिटर्न भरणं सक्तीचं आहे. वहिनींचा दर वर्षी २५,००० च्या आतच राहिला. म्हणजे ना सक्ती, ना नोटीस, ना एसएमएस. सरकारला तुमच्याकडून येणं असलं की आठवण येते हो, देणं असलं की शांतता.

२०२४-२५ चं मात्र हातात होतं. त्या वर्षी मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर केली होती, त्यामुळे महिनाभर होता. हिशोब असा: क्लासचे एप्रिलचे १६,५०० आणि जूनपासून दहा महिन्यांचे १,८०,०००, म्हणजे १,९६,५००. शिवाय सकाळी घरी पाच मुलांची शिकवणी, प्रत्येकी १,२०० महिन्याला, दहा महिने, ६०,०००, बहुतेक कॅश. एकूण २,५६,५००. नव्या पद्धतीत त्या वर्षी ३ लाखापर्यंत टॅक्स नाहीच, म्हणजे खर्च एक पैसा वजा केला नाही तरी टॅक्स शून्य.

इथे वहिनींच्या एका चुलत दिरांनी सल्ला पाठवला व्हॉट्सॲपवर, की ४४एडी खाली (छोट्या व्यावसायिकांसाठीची ठोक टक्केवारीने नफा दाखवायची सोय) भरा, बँकेतून आलेल्यावर ६ टक्के आणि कॅशवर ८ टक्के नफा दाखवून मोकळे व्हा. मी गंमत म्हणून काढून बघितलं, १६,५९० रुपये येतात. वर्षाला १६,५९० कमावणारी गणिताची बाई! कायद्यात ते ६ आणि ८ टक्के 'कमीत कमी' म्हणून आहेत, खरी कमाई जास्त असेल तर जास्त दाखवायची असते, पण सल्ला देणारे अर्धंच वाक्य वाचतात. शिवाय उद्या मुलाच्या शिक्षणाला कर्ज हवं असेल तर बँक हेच रिटर्न मागणार. पेट्रोल, झेरॉक्स, नेट, मोबाईल, पुस्तकं धरून खर्च ३१,५०० निघाला, तो वजा करून २,२५,००० दाखवले, ४४एडी खालीच, आयटीआर-४ या फॉर्ममधे. सहा-आठ टक्के नफा जिथे मिळतो तिथल्या व्यापाऱ्यांसाठी ते आकडे ठीक आहेत, शिकवणाऱ्या माणसाचा धंदाच डोक्यात असतो, त्याला खर्च कितीसा. आणि ५० टक्क्यांचं जे ४४एडीए आहे त्याच्या यादीत वकील, डॉक्टर, इंजिनिअर, सीए वगैरे आहेत, शिक्षक नाहीत.

रिटर्न भरायला अर्धा तास लागला. त्याच्या आधी तीन आठवडे गेले, कशात, तर नावात. पॅन कॉलेजात असताना काढलेलं, माहेरच्या नावाने. आधारवर पण तेव्हा माहेरचंच नाव होतं म्हणून लिंक झालं. मग मुलाच्या शाळेच्या ॲडमिशनच्या वेळी आधारवर सासरचं नाव केलं, बँकेने आधार बघून खातं सासरच्या नावाने उघडलं, आणि पॅन तसंच राहिलं. रिफंड ज्या खात्यात यायचा ते खातं पोर्टलवर आधी व्हॅलिडेट व्हावं लागतं, आणि ते दर वेळी लाल होऊन परत यायचं, नाव जुळत नाही म्हणून. मिस्टर म्हणाले माझं खातं द्या की. नाही चालत, ज्याचं पॅन त्याचंच खातं लागतं. मग मॅरेज सर्टिफिकेट शोधणं आलं, ते सासूबाईंच्या कपाटात साड्यांच्या घडीखाली सापडलं, पॅनवरचं नाव बदललं, पोर्टलवरची प्रोफाईल बदलली, खातं हिरवं झालं. गौरी-गणपती मधेच होऊन गेले. ८ सप्टेंबरला रिटर्न भरलं, आधारच्या ओटीपीने व्हेरिफाय केलं. बायकांच्या बाबतीत दहातली सहा-सात प्रकरणं मी इथेच अडकलेली बघितलीयत, टॅक्सचं काही नसतं, नावाचं असतं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दिवाळीच्या तोंडावर, २०,३४० रुपये जमा झाले. १९,६५० चे वर ६९० कसले म्हणून वहिनी घाबरल्या, जास्त आले परत मागतील का. ते व्याज, एप्रिलपासून महिन्याला अर्धा टक्का. ते पुढच्या रिटर्नमधे उत्पन्न म्हणून दाखवायचं. तोपर्यंत गुडघ्याचं ऑपरेशन मिस्टरांच्या पीएफमधून होऊन गेलेलं.

आता दुसरा भाग, जो मला खरं तर जास्त महत्त्वाचा वाटतो. वहिनी ३९ च्या, डिसेंबरमधे ४० होणार. मी म्हणलं, चाळीशीच्या आत दोन दारं उघडी आहेत, नंतर बंद. एक श्रमयोगी मानधन, त्यात जेवढे तुम्ही भरता तेवढेच सरकार टाकतं आणि साठीनंतर महिना ३,०००, पण महिन्याची कमाई १५,००० च्या आत लागते, वहिनी त्याच्या वर. कशामुळे, तर १८,००० मुळे! सरकारी योजनेसाठी श्रीमंत. दुसरं अटल पेन्शन. ३९ व्या वर्षी सुरू केलं तर ५,००० पेन्शनसाठी महिना १,३१८, ४० व्या वर्षी १,४५४. अठराव्या वर्षी हेच २१० ला मिळतं, पण अठराव्या वर्षी कोण पेन्शनचा विचार करतंय.

गेलो बँकेत. काउंटरवरच्या साहेबांनी पॅन मागितलं, मग विचारलं रिटर्न भरता का. वहिनींनी खुशीत सांगितलं, हो, आत्ताच भरलं, रिफंड पण आला. झालं! "मग तुम्ही टॅक्सपेअर आहात, तुम्हाला अटल पेन्शन मिळणार नाही, ऑक्टोबर २०२२ पासून नियम आहे." नियम आहे, खरा आहे. पण नियमात करदाता म्हणजे काय तेही लिहिलंय, आयकर कायद्याप्रमाणे ज्याला कर भरावा लागतो तो. रिटर्न भरणारा तो करदाता असं नाही, आणि टीडीएस कापला गेला म्हणून तर मुळीच नाही, तो तर अख्खा परत दिला सरकारने. साहेब ऐकेनात. वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या, त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की भाऊजी, ते रिटर्न भरायला नको होतं. खरं सांगतो मला पण क्षणभर वाटलं की वीस हजार आणायच्या नादात पेन्शन घालवली की काय.

दुसऱ्या दिवशी आयकर खात्याकडून आलेली १४३(१) ची सूचना प्रिंट काढून नेली. त्यात एकूण उत्पन्नाची ओळ २,२५,०००, त्यावरच्या कराची ओळ शून्य, पेन्सिलने दोन्हीला गोल केला. मॅनेजर मॅडमनी वाचलं, फॉर्मवरच्या 'मी करदाता नाही' या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या यावर सही करताय ना, जबाबदारी तुमची. केली सही. खोटी माहिती निघाली तर खातं बंद करून जमा रक्कम परत देतात, पण बघतात ते अर्जाच्या दिवसापर्यंतचं, त्यामुळे पुढे कधी कमाई वाढली तरी हे खातं जात नाही. त्याच बसण्यात ४३६ रुपयांचा जीवनज्योती आणि २० रुपयांचा सुरक्षा विमा पण करून घेतला, दोन्ही दोन-दोन लाखाचे. सगळं डिसेंबरच्या वाढदिवसाच्या महिनाभर आधी.

आता हिशोब बघा, हा वहिनींनीच काढला, मी नाही. वर्षाचे अटल पेन्शनचे १५,८१६, विम्याचे ४५६. मिळून १६,२७२. टीडीएसचा रिफंड येणार १९,००० च्या वर. म्हणजे जो पीएफ त्यांना वाटत होता तो आता एक वर्ष उशिराने, सरकारच्या खिशातून फिरून, खरंच पेन्शनला चाललाय. फक्त क्लासचा अर्धा वाटा नाही, तो नाहीच.

कटिंग थांबवता येईल का, असं अकाउंटवाल्याला विचारलं तर म्हणाला १५जी भरून द्या, म्हणजे 'मला टॅक्स लागत नाही, कापू नका' असा फॉर्म. १५जी बँकेच्या व्याजासारख्या गोष्टींना चालतो, प्रोफेशनल फीला नाही. त्याला कलम १९७ चं कमी कपातीचं सर्टिफिकेट काढावं लागतं, दर वर्षी, आणि वहिनी म्हणाल्या राहू दे, हातात आले तर खर्च होतील. ह्यावर मला वाद घालता आला नाही. २०२५-२६ पासून ४ लाखापर्यंत टॅक्स नाही आणि रिबेट धरून १२ लाखापर्यंत शून्य, तरी १,८०० दर महिन्याला जाणारच, आणि दर वर्षी रिटर्न भरून मागायचेच. एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे नंबर बदलले, पावती तीच. मधेच नोव्हेंबरमधे सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तेव्हा मिस्टरांनी बातमी आणून दिली की आता तुला पण मिळणार. तिच्यात ॲपवर काम करणाऱ्यांसाठी कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के द्यायची सोय आहे. अंगठा लावून फळ्यावर शिकवणारी कन्सल्टंट त्यात बसत नाही.

आणि ५,००० चं पण खरं सांगायला हवं. आठवीला चक्रवाढ व्याज शिकवणाऱ्या बाईला मी काय शिकवणार, त्यांनीच पावतीच्या मागे मांडलं, महागाई ५ टक्के धरली तर २१ वर्षांनी आजचा रुपया २.७९ पट लागेल, म्हणजे तेव्हाचे ५,००० आजचे साधारण १,८००. दोघंही हसलो, हा आकडा काही पाठ सोडत नाही. म्हणून रिफंडमधून उरतील त्यात थोडे घालून पीपीएफ उघडायचं ठरलंय, वर्षाला ५०० पासून चालतं.

राहिले आधीच्या दोन वर्षांचे ३३,०००. त्यासाठी उशीर माफ करा असा अर्ज असतो, कलम ११९(२)(ब) खाली, करनिर्धारण वर्ष (कमाईच्या वर्षाच्या पुढचं वर्ष) संपल्यापासून पाच वर्षांच्या आत, म्हणजे २०२२-२३ साठी मार्च २०२९ पर्यंत वेळ आहे. कारण लिहावं लागतं, खरीखुरी अडचण काय होती. मी छान भाषेत लिहून दिलं होतं, सासऱ्यांचं आजारपण वगैरे. वहिनींनी ते खोडलं. म्हणाल्या आजारपण २०२५ चं आहे, २०२३ ला काय लावता. मग त्यांनी स्वतः लिहिलं: माझ्या पावतीवरील कपात ही भविष्य निर्वाह निधीची आहे असा माझा समज होता, कारण माझ्या पतीच्या पगारपत्रकावर तीच रक्कम असते. सोबत दोन्ही कागदांच्या प्रती जोडल्या. असं कारण चालेल का, तर मी असतो तर दुसरं लिहिलं असतं. पण खरं हेच आहे. मंजूर झालं तरी या पैशांवर व्याज मिळणार नाही. अर्ज गेलाय, उत्तर अजून नाही, वहिनी जिन्यात भेटल्या की भुवया वर करतात आणि मी मान हलवतो.

परवा ती फाईल पुन्हा बघितली, या वर्षीचं रिटर्न लागेल म्हणून. प्रत्येक पावतीवर, १,८०० च्या शेजारी, लाल पेनने लिहिलंय, 'हातचा'.